खुर्ची कोणी ठेवली

वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ते सत्त्याऐंशी वर्षांचे होते, आणि मी शाळेतल्या नोकरीतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. गारखेड्याच्या घरात आम्ही दोघंच राहायचो. आईला जाऊन बारा वर्षं झाली होती. धाकटा भाऊ पुण्याला होता. मी लग्नानंतर तीन वर्षांत नवऱ्याचं घर सोडून माहेरी आले होते, ती तिथंच राहिले. मी बॅग घेऊन दारात उभी राहिले त्या दिवशी वडील एवढंच म्हणाले होते, "राहा." पुढच्या पस्तीस वर्षांत त्यांनी मला कधी 'जा' म्हटलं नाही. पण हे तुझंही घर आहे, असंही कधी म्हटलं नाही. ते निवृत्त झाले त्याच साली त्यांनी घर भावाच्या नावावर करून दिलं होतं. मला ते शेजारणीकडून कळलं.

वडील महसूल कचेरीत कारकून होते. शाळा त्यांनी निजामाच्या राज्यात उर्दूतून केली. नोकरीला लागले तोवर पोलीस ॲक्शन होऊन गेली होती आणि बघता बघता कचेरीची भाषाच बदलली. मराठीत टिपणी लिहायला ते नोकरीत शिकले. सही मात्र शेवटपर्यंत उर्दूत करायचे. बोलणं कमी, आणि त्या कमी बोलण्यात कचेरीचे शब्द जास्त. जेवणात मीठ कमी असलं तर "याचा खुलासा करा" म्हणायचे. आई हसायची. मला कधी हसू आलं नाही.

अंगणाच्या पायरीवर पाय घसरून ते पडले. ऑपरेशन झालं, खुब्यात धातूचा गोळा बसवला. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की मांडी घालायची नाही, खाली वाकायचं नाही आणि संडासला उकिडवं बसायचं तर अजिबात नाही. आमच्या घरी देशी संडास होता, जमिनीतलं भांडं आणि दोन्ही बाजूंना पाय ठेवायचे उंचवटे. मी दवाखान्याच्या व्हरांड्यातच भावाला म्हटलं, "आबांना घरी न्यायच्या आत उंच भांडं बसवून घेऊ. गवंडी दोन दिवसांत करून देईल."

"अक्का, फरशी फोडू नको," तो म्हणाला. "आता दोन-चार वर्षांत सगळं पाडायचंच आहे. बिल्डरशी माझं बोलणं चालू आहे. कमोडची खुर्ची मिळते, ती घेऊ. काम भागतं."

दोन-चार वर्षं म्हणजे कशाची वाट बघायची ती, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. मी वडिलांना विचारलं. ते खाटेवर छताकडं बघत पडले होते. म्हणाले, "घर त्याचं आहे. तो म्हणतो तसं कर."

खुर्ची आली. ॲल्युमिनियमचे चार पाय, दोन हात, मध्ये भोक असलेली बैठक आणि खाली सरकवायचं झाकणाचं प्लास्टिकचं भांडं. आधी ती खाटेशेजारीच ठेवायची, असं दुकानदारानं सांगितलं होतं. मी ती वडिलांच्या खोलीत खाटेला लागून ठेवली. त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि मान भिंतीकडं वळवली.

"बाई, जिथं झोपायचं तिथंच हे? समोर देवाचा फोटो आहे."

"फोटो बाहेर नेते."

"फोटो राहू दे. हे ने."

मी नेलं नाही. तर त्यांनी तीन दिवस पोट साफच होऊ दिलं नाही. जेवणही अर्ध्यावर आणलं. लघवीचं भांडं मी हातात द्यायची तेवढं घ्यायचे, तेही मला पाठमोरी उभी करून. चौथ्या दिवशी पोट दगडासारखं झालं. मी खुर्चीखालचं भांडं काढून टाकलं आणि खुर्ची उचलून संडासात नेली, देशी भांड्याच्या वर ठेवली. वाटलं, सुटला प्रश्न.

त्यांना तिथवर नेलं खरं, पण बसताना खुर्ची डुगडुगली. ते घाबरले, मीही घाबरले. माझा गळा त्यांनी असा धरला की दोन दिवस मान वळत नव्हती. त्यात खुर्ची उंच आणि भांडं खोल, त्यामुळं सगळं चहूकडं उडालं. त्यांचे पाय, भिंत, माझी साडी. मी पुसत असताना ते पुटपुटत होते, "शर्म आहे. शर्म आहे." मला म्हणत होते की स्वतःला, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवायला दवाखान्यातून एक मुलगी आली. वडिलांचा पाय बाजूला राहिला, मी तिला आधी संडासात नेलं. तिनं खुर्ची पाहिली आणि म्हणाली, "काकू, आधी तुम्ही बसा हिच्यावर."

"मी?"

"आपण बसून बघितल्याशिवाय पेशंटला बसवायचं नाही."

मी बसले. खुर्ची एका बाजूला कलली. तिनं मला वाकून बघायला लावलं. मागचा एक पाय पाय ठेवायच्या उंचवट्यावर होता आणि बाकीचे तीन खाली फरशीवर. शिवाय चारही पायांची उंची सारखी नव्हती. प्रत्येक पायाला भोकं होती आणि स्प्रिंगचं बटण टक आवाज करून भोकातून बाहेर आलं की पाय पक्का व्हायचा. एक बटण अर्धवट अडकलं होतं. तिनं चारही पाय सारख्या भोकात बसवले, रबरी बुडं ओढून पाहिली, मग खुर्ची अशी ठेवली की चारही पाय उंचवट्यांच्या बाहेर सपाट फरशीवर आले. त्यासाठी कोपऱ्यातला पाण्याचा निळा ड्रम बाहेर काढावा लागला. आमच्याकडं नळाला सात-आठ दिवसांनी पाणी येतं. ड्रम बाहेर ठेवायचा तर बोळात, म्हणजे येता-जाता अंग चोरून जायचं. पण ठेवला.

त्या मुलीनं मला जे शिकवलं ते आजही माझ्या हातात आहे. फरशी आधी कोरडी करायची. वॉकर धरून उलटं, मागं मागं सरकत जायचं, दोन्ही पायांच्या पोटऱ्यांना खुर्ची लागेपर्यंत. मग वॉकर सोडून एकेक हात खुर्चीच्या हातावर आणायचा आणि ऑपरेशनचा पाय थोडा पुढं घेऊन हळू बसायचं. उठताना खुर्चीच्या हातांवरच जोर द्यायचा, वॉकर ओढून उठायचं नाही. "आणि तुमच्या गळ्यात हात घालू द्यायचा नाही," ती म्हणाली, "दोघंही पडाल. तुम्ही बाजूला उभं राहून कमरेशी धरा." तांब्या-मग हाताशी उंचावर, म्हणजे वाकायला नको. उडायचं थांबावं म्हणून मी एका जुन्या बादलीचं बूड कापलं आणि ती खुर्चीखालच्या खाचेत अडकवली. सगळं सरळ भांड्यात जायला लागलं. भिंतीला धरायला एक स्टीलची दांडी बसवून घेतली, कोणाला न विचारता.

कडीवरून मात्र भांडण झालं. आतली कडी मी काढून टाकली. आत काही झालं तर दार उघडता आलं पाहिजे, म्हणून.

"कडी काढली?" ते दारात वॉकर धरून उभे राहिले. "या घरात माझी एवढीही इज्जत नाय?"

"दार लोटून घेते. मी बाहेर बसते. पाठ करून."

"चपराशासारखी?"

"हो. झालं की दांडीवर मग वाजवा."

ते आत गेले. मी बोळात, ड्रमशेजारी, स्टुलावर बसले. रोज सकाळी साडेसहाला. आतून मग वाजला की उठायचं. माझ्या लहानपणी हा माणूस कचेरीतून आला की आम्ही भावंडं आवाज बंद करायचो. लग्न मोडून आले तेव्हा दोन वर्षं माझ्याशी एक वाक्य सलग बोलले नव्हते. आता त्यांच्या मगाच्या आवाजाकडं माझे कान लागलेले असायचे. माया म्हणून मी हे करत होते असं म्हणवत नाही. दुसरं कोण करणार होतं, एवढंच. पण दोन महिने एकदाही ते डुगडुगले नाहीत, आणि याचा मला अभिमान होता. कोणाला सांगावा असा अभिमान नव्हता, पण होता. समोरचे काका बघायला आले तेव्हा वडील त्यांना म्हणाले, "माझं मी जातो. कुणाची गरज पडत नाय." मी चहा ठेवून आत गेले.

दिवाळीला भाऊ आणि वहिनी चार दिवसांसाठी आले. घरात संडास एकच. त्या दोघांना खुर्चीवर बसायचं नव्हतं, म्हणून दर वेळी खुर्ची उचलून बोळात ठेवायची आणि नंतर परत आत ठेवायची. पहिल्याच दिवशी मी भावाला हात धरून आत नेलं आणि दाखवलं. "हे बघ, पाय या उंचवट्यांच्या बाहेर. चारही फरशीवर. हलवून बघायची."

"हो गं. मला कळतं," तो म्हणाला. मग भिंतीकडं बघून, "दांडी बसवलीस? भोकं पाडलीस भिंतीला?"

तीन दिवस प्रत्येक वेळी मी मागून जाऊन खुर्ची तपासली. वहिनीनं एकदा पाहिलं आणि भावाला हिंदीत काहीतरी म्हणाली. मला कळू नये म्हणून हिंदीत. या शहरात उभा जन्म गेला माझा, हिंदी मला कळणार नाही असं तिला का वाटलं असेल. ताईंना संशयाची सवय आहे, असं काहीसं होतं ते.

पाडव्याच्या सकाळी मी पुऱ्या तळत होते. तेल तापलेलं. वडिलांनी खोलीतून हाक मारली. मी गॅस बंद करायला गेले तर भाऊ म्हणाला, "राहू दे. आज मी नेतो आबांना. तू तुझं कर."

"खुर्ची बघितलीस? वहिनी आत्ताच जाऊन आल्यात."

"बघितली. मीच ठेवली."

वडिलांचा चेहरा मला स्वयंपाकघराच्या दारातून दिसला. मुलगा नेतोय म्हणून ते ताठ चालायचा प्रयत्न करत होते. मी कढईत पुरी सोडली. तिसरी की चौथी पुरी होती. ओरडणं वगैरे काही ऐकू आलं नाही. आधी पाण्याचा मग पडल्याचा आवाज, नंतर लोखंड फरशीवर खरवडल्यासारखा, नंतर काहीच नाही.

मी धावले तेव्हा भाऊ बोळात ड्रमला टेकून फोनवर बोलत होता. दार ढकललं. खुर्ची आडवी झाली होती. मागचा डावा पाय भांड्यात घसरला होता आणि उंचवट्याच्या कडेवर रबराचा काळा ओरखडा उठला होता. वडील भिंतीशी कुशीवर पडले होते. धोतर सुटलेलं, उजवा हात अंगाखाली वाकडा. डोळे उघडे होते. मला बघून त्यांनी पहिल्यांदा डाव्या हातानं धोतर वर ओढायचा प्रयत्न केला.

"दोनच मिनिटं बाहेर आलो होतो," भाऊ म्हणाला. "ऑफिसचा फोन होता."

आम्ही त्यांना त्याच्या गाडीत मागच्या सीटवर निजवलं. पुढं जागा भाऊ आणि वहिनीला लागली. मी रिक्षानं मागून गेले. अपघात विभागात पोहोचले तेव्हा डॉक्टर मनगट तपासत होते. तरुण डॉक्टर, सणाच्या दिवशी ड्युटी लागलेला, वैतागलेला. खुबा वाचला होता, मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. त्यानं सगळं विचारून घेतलं आणि मग म्हणाला, "अशी खुर्ची नीट ठेवायची असते हो. कोणी ठेवली होती?"

मी भावाकडं पाहिलं. तो एक्स-रेच्या पाकिटावरचं काहीतरी वाचत होता.

वडील म्हणाले, "मुलीनं. रोज तीच ठेवते."

डॉक्टर माझ्याकडं वळून बोलायला लागला. रबरी बुडं, सपाट जागा, पाय हलवून बघायचे. मला येत असलेला सगळा धडा त्यानं मला पहिल्यापासून दिला आणि मी मान हलवत ऐकला. त्या वेळी का बोलले नाही, याची कारणं दोन. वडिलांसमोर तोंड उघडायची सवयच नव्हती, हे एक. दुसरं असं की, ते आता स्वतःच सुधारतील, म्हणतील की आज मुलानं ठेवली होती, असं मला शेवटपर्यंत वाटत राहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

भाऊ दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला. आठवडाभर नातेवाइकांचे फोन येत राहिले. पैठणच्या आत्या म्हणाल्या, "अगं, म्हाताऱ्या माणसाकडं जरा लक्ष द्यावं. तुला काय, दुसरं काम तरी काय आहे?"

मनगटामुळं वॉकर सुटला. एका हातानं वॉकर धरता येत नाही आणि वॉकरशिवाय संडासापर्यंत जाता येत नाही. खुर्ची पुन्हा खाटेशेजारी आली, भांड्यासकट. ज्याला त्यांनी तीन दिवस पोट अडवून नकार दिला होता, तेच त्यांना देवाच्या फोटोसमोर करावं लागलं. हात जुळून आला तोवर पायांतलं बळ गेलं होतं. व्यायामाची मुलगी पुन्हा चार वेळा आली. शेवटच्या वेळी मला बाहेर बोलावून म्हणाली, "काकू, आता चालणं कठीण आहे. तुम्ही नीट करत होतात हो. कसं झालं?" मी तिला सांगितलं. आख्ख्या जगात तिलाच सांगितलं. चपला घालताना तिनं माझ्या हाताला हात लावला.

फाल्गुनात एका दुपारी मी त्यांची नखं कापत होते. ते बऱ्या मनःस्थितीत होते. मी म्हटलं, "आबा, त्या दिवशी खुर्ची मी ठेवली नव्हती. तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं."

"मग माझं नाव का सांगितलं?"

त्यांनी हात मागं घेतला नाही. कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "त्याला बोललो असतो, तर बायकोसमोर त्याची मान खाली गेली असती. तो परत आला नसता. तुला बोललं तर काय होतंय? तू कुठं जाणार?"

मी उरलेली तीन नखं कापली. नेलकटर धुऊन जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी पिशवी घेतली आणि बाहेरून कडी लावून निघाले. औरंगपुऱ्याच्या भाजीबाजारात गेले. काही घ्यायचं नव्हतं. मेथीची एक जुडी घेतली, एका हॉटेलात बसून चहा घेतला, मग आणखी एक. लोक कामावर चाललेले बघत बसले. साडेआठला घरी आले. ते खाटेवर तसेच पडले होते, चादरीसकट सगळं भरलेलं. घसा बसला होता, म्हणजे हाका मारल्या असणार. मी पाणी तापवलं, त्यांना पुसलं, चादर बदलली. त्यांनी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही की कुठं गेले होते. मी हे कोणाला अभिमानानं सांगत नाही. पण पस्तावले असंही लिहिणार नाही, कारण तेवढी पस्तावले नाही. तसं मी पुन्हा केलं नाही. पण त्या दिवसापासून सकाळी सहाला ते जागे असायचे आणि माझी पावलं कुठं वाजतायत ते ऐकत असायचे. ते मला दारातूनच दिसायचं. मी त्यांना घाबरत आले होते, आता ते मला घाबरत होते. त्यात मला काही मिळालं नाही.

पुढच्या पौषात ते गेले. छातीत कफ झाला आणि चार दिवसांत संपलं. भावानं सगळं व्यवस्थित केलं, रडलाही. तेराव्यानंतर पाहुणे गेले, आम्ही दोघं पुढच्या खोलीत बसलो होतो. तो चटयांच्या गुंडाळ्या करत होता. मी म्हटलं, "पाडव्याला खुर्ची तू ठेवली होतीस."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. त्यानं वर पाहिलं नाही. "गाडीतच आबा म्हणाले होते, तू गप्प राहा, मी बघतो."

"वहिनींसमोर?"

"हो. ती पुढं बसली होती."

म्हणजे तिच्यासमोर त्याची मान वाचवायची, हेही खरं नव्हतं. तिला सगळं ठाऊकच होतं. मग दोन महिने रोज सकाळी त्या बोळात बसलेली बाई त्यांनी कशासाठी पुढं केली, याचा खुलासा द्यायला ते आता नव्हते.

"आणि तू राहिलास गप्प," मी म्हटलं.

"अक्का, आता ते गेले. कशाला काढतेस?" पुढची चटई ओढत तो म्हणाला, "तुझी घाई नाही. पण बिल्डर उन्हाळ्यात काम सुरू करायचं म्हणतोय."

माझी घाई होती. मी आधीच बीड बायपासला दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. माघ संपायच्या आत टेम्पोत सामान भरलं. वडिलांचं मी काही घेतलं नाही. भावानं त्यांचा चष्मा आणि काठी नेली. खुर्ची समोरच्या काकांच्या बायकोनं मागितली, तिच्या आईसाठी. तिला मी आमच्या संडासात नेऊन, फरशी पुसून, चारही पाय कसे ठेवायचे ते दाखवलं. आणि आधी स्वतः बसून बघायला लावलं. ती लाजली, म्हणाली, "मी कशाला बसू?" मी म्हटलं, "बसा." ती बसली.